वाचकांचे प्रश्न : सायकल दिली, पण सोडायचे कुठवर?

सुट्ट्या लागल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. अभ्यास, गुण आणि मोबाइल मागे पडतात आणि मुलाला एकट्याने खाली सोडावे की नाही, हा प्रश्न पुढे येतो. या वेळी सायकलीचा उल्लेख नाही असे पत्र विरळाच होते, म्हणून हे सदर त्याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे आटोपशीर केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला वीस इंची सायकल घेऊन दिली. सोसायटीच्या आवारात तो उत्तम चालवतो, पण आता त्याला मित्रांबरोबर मागच्या गल्लीतून मैदानापर्यंत जायचे आहे. मी सोबत असेन तरच जायचे, असे मी सांगते. यजमान म्हणतात, ‘तू किती दिवस त्याच्या मागे पळणार?’ शेजारच्या इमारतीतील एक मुलगी वळणावर रिक्षाला धडकली आणि तिचा हात मोडला. तेव्हापासून तो फाटकाबाहेर पडला की माझा जीव टांगणीला लागतो. मी अति करते आहे का? (एक आई, पुणे)

उत्तर : आपली काळजी अनाठायी नाही. ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे जगातील सर्वांत मोठे कारण रस्त्यावरील अपघात हे आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. मात्र आपण लिहिलेला प्रसंगच पुन्हा एकदा पाहा. वळणावरून येणारी रिक्षा त्या मुलीला वेळेत दिसली नसावी आणि मुलगी रिक्षाचालकाला दिसली नसावी. तिची आई दहा पावलांवर उभी असती, तरी ओरडण्यापलीकडे तिला फारसे काही करता आले नसते. देखरेख असली की सुरक्षितता आपोआप आली, असे आपण धरून चालतो आणि घोळ तिथेच होतो.

म्हणून या प्रश्नाचे दोन तुकडे करावेत. जेथे गाड्या येत नाहीत, त्या आवारात किंवा मैदानात मूल पडेल, गुडघे सोलवटतील, कधी भांडणही होईल. तेथे मोठ्यांनी गॅलरीतूनसुद्धा डोकावण्याची गरज नाही. जेथे गाड्या येतात, तेथे मुलाच्या वयाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्या रस्त्याचा विचार करावा लागतो. कोणत्या वयापासून मुलाला एकटे सोडावे, हे आपल्याकडे कायद्याने ठरवून दिलेले नाही, आणि एका दृष्टीने ते बरेच आहे. कारण एकाच नऊ वर्षांच्या मुलाला एक गल्ली झेपते आणि तिला लागून असलेला रस्ता झेपत नाही.

संध्याकाळी मुले खाली उतरतात त्याच वेळी त्या गल्लीतून एकदा स्वतः चालत जा आणि मधूनमधून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून पाहा. कडेला उभ्या केलेल्या मोटारींमुळे त्याला पलीकडचे काहीच दिसत नाही, हे तेव्हा लक्षात येईल. नव्या इमारतींच्या तळघरातून गाडी चढावर येते, तेव्हा चालकाला क्षणभर समोर बॉनेट आणि आकाश एवढेच दिसते. फाटकासमोरून जाणारे मूल त्याच क्षणी तेथे असते. त्यातच, प्राथमिक शाळेच्या वयात गाडी किती दूर आहे हे बऱ्यापैकी कळत असले, तरी ती किती वेगाने जवळ येत आहे याचा अंदाज मोठ्यांसारखा येत नाही. ताशी २० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे सरकते, ताशी ४० वेगाची अकरा मीटर. आणि वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते. पादचारी, सायकली आणि मोटारी जेथे एकत्र येतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे, ते याच हिशेबाने. आपली गल्ली या मर्यादेत बसते का, ते तेथे पाच मिनिटे उभे राहिले तरी कळेल.

बसत असेल, तर मुलाला टप्प्याटप्प्याने सोडावे. आधी आपण पुढे आणि तो मागे. मग तो पुढे, आणि जाता जाता त्याने मोठ्याने सांगायचे : ‘डावीकडे फाटक आहे, ती गाडी सुरू आहे, म्हणजे ती निघू शकते.’ हे बोलणे सुरुवातीला त्याला हास्यास्पद वाटेल, पण त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही हे समजण्याचा याहून चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही. त्यानंतर आपण कोपऱ्यावर थांबायचे, आणि शेवटी घरीच. नियम थोडे ठेवावेत, पण ते मोडले तर दुसऱ्या दिवशी सायकल घरात राहील इतके पक्के असावेत : चौकात उतरून सायकल हाताने न्यायची, मित्राने हाक मारली तरी चालत्या सायकलवरून मागे वळून पाहायचे नाही आणि दिवेलागणीच्या आत परतायचे. दर दहा मिनिटांनी फोन करू नये. फोनवर बोलत सायकल चालवण्याची सवय पुष्कळदा घरच्यांच्या काळजीतूनच लागते.

यापेक्षा अधिक तातडीची गोष्ट सायकलीची आहे. आपण मुलांना चप्पल घेताना जसा एक आकडा मोठा घेतो, तशी सायकलही ‘पुढे दोन वर्षे चालेल’ म्हणून मोठी घेतो. मोठ्या सायकलवर मुलाचे पाय टेकत नाहीत, ब्रेकच्या मुठीपर्यंत बोटे पोहोचत नाहीत आणि ऐनवेळी ते उडी मारून थांबू पाहते. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, आणि एका हाताची बोटे ब्रेकवर ठेवून ती पूर्ण आवळता आली पाहिजेत. ब्रेकची रबरे झिजली असतील तर ती आजच बदलावीत. तो पाच मिनिटांचा उद्योग आहे. शिवाय हँडलच्या दोन्ही टोकांवरील रबरी मुठी पाहा. त्या फाटून आतला पाइप उघडा पडलेला असतो, आणि पडताना तो पाइप पोटात घुसतो. बाहेरून नाण्याएवढा वळ दिसतो आणि आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंड दुखावलेले असू शकते. बालशल्यचिकित्सकांना ही दुखापत चांगली परिचयाची आहे. हँडल पोटात लागले आणि त्यानंतर मुलाचे पोट दुखत राहिले किंवा उलटी झाली, तर रात्रभर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

प्रश्न : आमच्या लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल मिळत असे. नळीखालून पाय घालून आम्ही ती चालवायला शिकलो, ढोपरे फोडून घेतली, दिवसभर कोठे होतो हे घरी कोणी विचारले नाही. आता नातवाला गच्चीवर फिरवायलासुद्धा हेल्मेट आणि गुडघ्यांना पट्टे. अशाने पोरे भित्री होणार नाहीत काय? आणि सायकलला हेल्मेटची सक्ती आहे का? (एक आजोबा, सातारा)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधील हेल्मेटची तरतूद मोटारसायकली व स्कूटर यांच्यासाठी आहे. पायाने चालवायच्या सायकलीला ती लागू होत नाही.

आपल्या बालपणाचे वर्णन वाचून हेवा वाटला; पण आपण ज्या रस्त्यावर सायकल शिकलात, त्या रस्त्यावर त्या काळी दिवसाकाठी किती मोटारी जात होत्या, हेही आठवून पाहावे. मुले होती तशीच आहेत, रस्ता बदलला आहे. नेदरलँड्समध्येही नेमके हेच घडले होते. मोटारी भराभर वाढल्या आणि १९७१ या एका वर्षात त्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाचे होते. पुढच्या काही दशकांत तेथे वस्त्यांमधील मोटारींचा वेग उतरवला गेला आणि सायकलींना स्वतंत्र मार्ग मिळाले. आज तेथील मुले मोठ्या संख्येने स्वतः सायकल चालवत शाळेत जातात, बहुतेकांच्या डोक्यावर हेल्मेट नसते, आणि तशी सक्तीही तेथे नाही.

याउलट ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सर्व सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. डोक्याच्या दुखापती कमी झाल्या. मात्र त्यानंतरच्या पाहण्यांत सायकल चालवणारी मुलेही, विशेषतः किशोरवयीन मुले, घटलेली आढळली. त्यामुळे दुखापती घटण्याचे श्रेय हेल्मेटला किती आणि रिकाम्या रस्त्याला किती, हा वाद अजून मिटलेला नाही. तेव्हा मुलाला वस्तूंनी मढवल्याने काम भागते असे समजणाऱ्यांविषयी आपली जी तक्रार आहे, तिच्यात तथ्य आहे.

परंतु आपल्याकडचे रस्ते नेदरलँड्सचे नाहीत. सिडनीतील संशोधकांनी २०१६ मध्ये चाळीस अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अपघातात सापडलेल्या सायकलस्वारांपैकी हेल्मेट घातलेल्यांना डोक्याची गंभीर दुखापत होण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशांनी कमी आढळली. एवढा फायदा दोन-अडीचशे ग्रॅमच्या वस्तूतून मिळत असेल, तर तो सोडू नये. गुडघ्यांच्या पट्ट्यांबाबत मी आपल्याशी सहमत आहे; खरचटलेला गुडघा बरा होतो. हेल्मेट घेताना मात्र ते मोटारसायकलचे नसावे, कारण ते लहान मानेला जड होते. सायकलच्या हेल्मेटवर ईएन १०७८ हे युरोपीय किंवा सीपीएससी हे अमेरिकी मानक छापलेले असते, ते पाहून घ्यावे. ते कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटे राहील असे बसले पाहिजे. डोक्याच्या मागे टोपीसारखे ढकललेले हेल्मेट पडताना कपाळ उघडेच ठेवते.

आणि आपल्याला आवडेल अशी एक गोष्ट : सायकलवरून उतरून मूल झाडावर, घसरगुंडीवर किंवा जाळीवर चढणार असेल, तर हेल्मेट आवर्जून काढायला लावावे. फांदीत किंवा दोन गजांत हेल्मेट अडकते, शरीर खाली लोंबकळते आणि हनुवटीखालचा पट्टा गळ्याला आवळतो. अशा घटना घडल्यामुळेच ताण पडताच आपोआप सुटणाऱ्या पट्ट्याची लहान मुलांची हेल्मेटे युरोपात वेगळ्या मानकाने बनवली जातात. म्हणजे खेळताना डोके मोकळे असावे, हे हेल्मेटवालेही मान्य करतात.

भित्रेपणाविषयी ठाम काही सांगता येणार नाही. पण मूल घरात कोंडले की काय गमावते, याचे एक मोजलेले उदाहरण देतो. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जास्त घराबाहेर ठेवले गेले. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना लांबचे कमी दिसू लागले होते; नेहमीच्या वेळापत्रकातील मुलांमध्ये हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होते. हा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नातवाला उजेडात सोडायला एवढे कारण पुरेसे आहे.

प्रश्न : आम्ही गेली काही वर्षे म्युनिकला राहतो. मुलगी चौथीत असून तिने नुकतीच शाळेतील सायकलची परीक्षा दिली, आणि ती एकटी शाळेत जाते. सासूबाई नागपूरहून आल्या आणि हे पाहून हादरल्या. आता डिसेंबरमध्ये आम्ही नागपूरला जाणार आहोत आणि मुलगी म्हणते, ‘मला परवाना मिळाला आहे, मी तिथेही एकटी फिरणार.’ दोघींनाही काय सांगावे? (एक वाचक, जर्मनी)

उत्तर : सासूबाईंना हे सांगावे की, तेथे मुलांना वाऱ्यावर सोडलेले नाही. जर्मनीच्या वाहतूक नियमांनुसार आठ वर्षांपर्यंतच्या मुलांनी सायकल साधारणतः पदपथावरूनच चालवायची असते आणि दहा वर्षांपर्यंत तशी मुभा असते. चौथीच्या सुमारास शाळा आणि पोलीस मिळून मुलांना रस्त्यावरचे वळणे, हात दाखवणे, थांबणे शिकवतात आणि त्याची परीक्षा घेतात. एका संध्याकाळी सासूबाईंना नातीच्या मागून शाळेच्या वाटेवर चालवत न्यावे. समजावण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

मुलीला मात्र स्पष्ट नकार द्यावा, आणि त्याचे कारण द्यावे. तिने मिळवलेले कौशल्य खरे आहे, पण ते उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीचे आहे. रस्ता ओलांडताना ती सवयीने आधी डावीकडे पाहणार, आणि नागपुरात पहिली गाडी उजवीकडून येणार. ही सवय दोन आठवड्यांत बदलत नाही. मोठ्या माणसांचीही बदलत नाही. शिवाय पदपथावरून सायकल नेण्याची तिची पद्धत तेथे चालणार नाही, कारण पदपथ असेलच असे नाही, आणि असला तर त्यावर पाणीपुरीची गाडी असेल. आजीच्या कॉलनीत, चुलत भावंडांबरोबर, सकाळच्या वेळी तिने मनसोक्त फिरावे. मुख्य रस्त्यावर मात्र मोठ्या माणसाबरोबरच.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या समितीने फलक लावला आहे : ‘आवारात सायकल चालवण्यास व चेंडू खेळण्यास सक्त मनाई.’ मोटारींना ओरखडे पडतात, हे कारण. मुलांनी जायचे कोठे? (काही पालक, ठाणे)

उत्तर : रस्त्यावर जातील, आणि समितीने नेमके हेच लक्षात घेतलेले नाही. ओरखड्याचा खर्च भरून निघतो. वार्षिक सर्वसाधारण सभेची वाट न पाहता पालकांनी लेखी पत्र द्यावे. त्यात नुसती तक्रार नको, प्रस्ताव हवा. संध्याकाळी पाच ते सात आवाराचा एक भाग मुलांसाठी राखून ठेवावा, त्या वेळेत गाड्यांनी दुसरे फाटक वापरावे, तळघराच्या चढाशी बहिर्वक्र आरसा आणि गतिरोधक बसवावा. ओरखडा पडल्यास पालक भरून देतील, असेही त्यात लिहावे. विरोधकांची निम्मी हवा तेथेच जाते.

आणि समितीला आणखी एक विचारावे. पुष्कळ सोसायट्यांमध्ये दहावीतली मुले आईची स्कूटर आवारात फिरवताना दिसतात आणि त्याबद्दल फलक नसतो. तीच मुले स्कूटर घेऊन फाटकाबाहेर पडतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ खाली अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. लहानग्यांच्या सायकलीला मनाई आणि या स्कूटरकडे काणाडोळा, हा न्याय अजब आहे.

प्रश्न : मी आठवीत आहे. पाचवीपासून मी सायकलने शाळेत जाते. आता आजी आणि बाबा म्हणतात, ‘मोठी झालीस, सायकल बंद कर, दादा सोडेल.’ दादा दहावीत आहे आणि तो संध्याकाळी कुठेही जातो, त्याला कोणी विचारत नाही. मी काय करू? (एक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा)

उत्तर : तू पत्र लिहिलेस, हे छान केलेस. तुझ्या बाबांना हे उत्तर वाचायला दे.

बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेले दिसले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. म्हणजे ज्या वयात तुझी सायकल बंद होते आहे, नेमक्या त्याच वयात शासन इतर मुलींच्या हातात ती देते आहे. वाटेवर कोणी त्रास देत असेल, तर त्याची काळजी बाबांना वाटणे स्वाभाविक आहे; पण त्रास देणाऱ्याचा बंदोबस्त करायचा सोडून मुलीची सायकल काढून घेणे हा उलटा हिशेब झाला. बाबांनी आधी शाळेशी आणि त्या वाटेवरच्या दोन-चार दुकानदारांशी बोलून पाहावे.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. तुझ्या वाटेवरच्या मैत्रिणींनी एकाच वेळी निघायचे ठरवा. चौघी-पाच जणी असल्या की घरच्यांचा विरोध बराच मावळतो. आणि उतरलेली चेन स्वतः बसवायला शीक, म्हणजे वाटेत कोणाची मदत मागावी लागणार नाही. ओढणीची टोके मागे गाठ मारून आत खोचत जा. वाऱ्याने ती मागच्या चाकात गेली, तर सायकल जागच्या जागी थांबते आणि फास गळ्याला बसतो.

प्रश्न : मोठा मुलगा अकरा वर्षांचा आहे. धाकट्याला, वय पाच, कॅरिअरवर बसवून त्याने फिरवले तर चालेल का? (एक वडील, सांगली)

उत्तर : नाही. अकरा वर्षांच्या मुलाला मागे वजन असताना तोल सांभाळता येत नाही, आणि धाकट्याचे लोंबते पाय आऱ्यांत जातात. टाच आरी आणि चिमट्याच्या दांड्यात सापडते आणि घोट्यामागची कातडी चिरडते. मोठ्या माणसाने मुलाला मागे बसवायचे असेल, तरी चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी आणि पाय ठेवायला पट्टी असल्याशिवाय बसवू नये. असा अपघात झालाच, तर पाय ओढून काढू नका; चाक हळूच उलटे फिरवा, गरज पडल्यास आरी कापा. पहिल्या दिवशी ही जखम किरकोळ वाटते, पण चिरडलेली कातडी पुढच्या दोन-तीन दिवसांत काळी पडू शकते. म्हणून हाड मोडलेले नाही असे एक्स-रेत दिसले, तरी तिसऱ्या दिवशी पाय पुन्हा डॉक्टरांना दाखवावा.